ऑटिझमचं निदान झालं, आता कागदपत्रांचं काय? महाराष्ट्रातल्या नव्या पालकांसाठी

माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. निदान झालं तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता आणि दिव्यांग प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा सात पूर्ण. मधली साडेतीन वर्षं कुठे गेली? थोडी "बोलेल हो, त्याचा काकाही उशिराच बोलला" यात गेली, थोडी "कशाला शिक्का मारून घ्यायचा" यात, आणि उरलेली केसपेपर काढून रांगेत उभं राहण्यात. पहिल्या दोन कारणांबद्दल मी तुम्हाला काही शिकवणार नाही, ज्याचं त्याला पचायला वेळ लागतो. रांगेत गेलेला वेळ मात्र वाचवता आला असता.

सुरुवातीला एक गोंधळ दूर करू. निदान, प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निदान डॉक्टर करतात. प्रमाणपत्रात सरकारी मंडळ किती टक्के दिव्यांगत्व आहे ते ठरवतं. युडीआयडी हे त्या प्रमाणपत्राचं देशभर चालणारं ओळखपत्र. सवलतींसाठी दुसरी आणि तिसरी गोष्ट लागते, थेरपीसाठी यातलं काहीच लागत नाही. "कार्ड आलं की सुरू करू" म्हणून थांबलेले पालक मी पाहिलेत, तसं करू नका.

शब्दांचं म्हणाल तर सरकारी कागदांवर 'स्वमग्नता' असतं. आमच्या पालक गटात बहुतेकांना तो शब्द आवडत नाही. मूल स्वतःत मग्न नसतं, त्याला सगळं दिसत आणि ऐकू येत असतं, असं त्यांचं म्हणणं. मीही ऑटिझमच म्हणते. फॉर्म भरताना मात्र दोन्ही शब्द ओळखता यायला हवेत.

१. शंका आली की कुठे जायचं

दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाचणी आहे. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते आणि पालकच उत्तरं देतात. ही फक्त चाळणी आहे, निदान नाही. मोबाईलवर ती भरून रात्रभर रडू नका, आणि "कमी गुण आले, सुटलो" म्हणून शंका सोडूनही देऊ नका.

खिशाला झेपत असेल तर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे डॉक्टर), बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा बाल न्यूरॉलॉजिस्ट गाठा. झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, कुठे आहे ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि ही केंद्रं त्याच्याखाली चालतात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी तिथे मोफत होते. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं पथक याच कार्यक्रमाचं असतं, त्यांच्याकडून चिठ्ठी घेतलीत तर दार लवकर उघडतं.

कुठेही गेलात तरी आधी कानांची तपासणी सांगतील, बहुधा बेरा. तिला नाही म्हणू नका. बोलणं उशिरा येण्याचं कारण ऐकू न येणं तर नाही ना, हे आधी पाहावंच लागतं. शिवाय तो रिपोर्ट पुढे फाईलमध्ये लागतोच.

२. रिपोर्टवर काय लिहिलंय ते तिथेच वाचा

माझी पहिली फेरी इथेच वाया गेली. आमच्या रिपोर्टवर 'ऑटिस्टिक फीचर्स' असं लिहिलेलं होतं. डॉक्टर भले होते, मला धक्का बसू नये म्हणून त्यांनी शब्द मऊ केला. मंडळासमोर त्या मऊ शब्दाचा काही उपयोग झाला नाही. "फीचर्स म्हणजे आहे की नाही ते लिहून आणा" असं सांगून आम्हाला परत पाठवलं.

रिपोर्टवर 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' हे निदान स्पष्ट असावं. सोबत निदान कोणत्या चाचणीने केलं, तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. जुन्या रिपोर्टवर 'ॲस्पर्जर' किंवा 'पीडीडी-एनओएस' असेल तर नवा लिहून घ्या. अमेरिकेच्या डीएसएम-५ ने, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या पुस्तिकेने, २०१३ मध्ये ही वेगळी नावं बंद करून सगळं एका स्पेक्ट्रममध्ये घेतलं. सोबत बौद्धिक दिव्यांगत्व, फिट्स किंवा एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) असेल तर तेही लिहिलेलं हवं. नंतर "राहून गेलं" म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

३. थेरपिस्ट आणि चमत्कारवाले

हा मुद्दा कागदपत्रांचा नाही, पण निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त पैसा इथेच बुडतो.

स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असते. त्यांना सीआरआर नंबर, म्हणजे त्या नोंदणीचा क्रमांक, विचारा. विचारायला लाजू नका, नोंदणी असलेल्या माणसाला त्यात अपमान वाटत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टला मात्र आरसीआय नंबर मागू नका, त्यांची नोंदणी महाराष्ट्राच्या वेगळ्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलकडे असते. मी एकदा हा घोळ घालून एका चांगल्या मुलीला उगाच संशयित ठरवलं होतं.

थेरपीला आत बसू द्या असं सांगा, रोज नाही तर निदान आठवड्यातून एकदा. आठवड्याच्या दोन-तीन तासांत मूल जे शिकतं ते घरी वापरलं गेलं नाही तर टिकत नाही. पालकांना दाराबाहेरच ठेवणारं केंद्र मला पटत नाही.

आता चमत्कारवाले. कुणी स्टेम सेल सुचवेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलंय की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही. कुणी शरीरातले धातू काढून देतो म्हणेल, कुणी ऑक्सिजनच्या पेटीत बसवेल, कुणी सहा महिन्यांची हमी देईल. हमी हा शब्द ऐकला की पर्स उचलायची आणि निघायचं. लसीमुळे झालं असं सांगणारा नातेवाईक तर प्रत्येक घरात एक असतोच. तो दावा १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका लेखातून पसरला आणि लॅन्सेटने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध दिसला नाही. तेव्हा धाकट्याच्या लसी थांबवू नका.

भरवशाची माहिती हवी असेल तर मुंबईत उम्मीद बालविकास केंद्र आणि फोरम फॉर ऑटिझम हा पालकांचा गट, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर, दिल्लीत ॲक्शन फॉर ऑटिझम अशी नावं आहेत. तुमच्या गावात यातलं काही नसेल तर थेरपी केंद्राच्या बाकावर बसलेल्या इतर आयांशी बोला. आमचा गट असाच बाकावर जमला. कुठल्या वारी सायकॉलॉजिस्ट असतात हे मला कुठल्याही फलकावरून नाही, त्या बाकावर कळलं.

४. फाईल तयार करा

एक जाड फाईल घ्या. मूळ कागद एका बाजूला, झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्या बाजूला. मूळ प्रत कुणाच्याही टेबलावर सोडून यायची नाही.

- मुलाचं आधार कार्ड
- जन्म दाखला
- रहिवासाचा पुरावा (रेशन कार्ड, वीजबिल किंवा पालकांचं आधार)
- पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि फोटो व सही किंवा अंगठ्याच्या ठशाचं स्कॅन
- निदानाचा रिपोर्ट, कानांचा रिपोर्ट, आयक्यू किंवा विकासाची चाचणी झाली असेल तर तिचा रिपोर्ट
- थेरपिस्टचं आणि शाळेचं पत्र (सक्तीचं नाही, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वाचलं गेलेलं)

फोटोबद्दल एक सांगते. स्टुडिओत आमच्या मुलाने फ्लॅशला घाबरून टेबल उलटं केलं होतं. घरी पांढऱ्या भिंतीसमोर तो आवडतं गाणं ऐकत असताना मोबाईलवर काढलेला फोटो चालला.

आधारवरचं नाव आणि जन्म दाखल्यावरचं नाव अक्षरानअक्षर जुळतं का ते पाहा. एकीकडे वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही अर्ज अडकतो. बाल आधार असेल तर ५ आणि १५ व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करावी लागते. केंद्र उघडता उघडता, गर्दी व्हायच्या आत जा.

५. ऑनलाईन अर्ज

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र युडीआयडी पोर्टलवरूनच मिळतं. त्याला स्वावलंबन पोर्टल असंही म्हणतात. हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र असेल तर तेही त्यावर चढवून घ्यावं लागतं.

अर्ज स्वतः भरा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि फी शून्य. बाहेर टपरीवर पैसे घेऊन भरून देणारे असतात. त्यांनी स्वतःचा मोबाईल नंबर टाकला की पुढचे सगळे संदेश त्यांच्याकडेच जातात. माझ्या ओळखीच्या एका ताईंना तपासणीची तारीख उलटून गेल्यावर कळली, ती याचमुळे.

दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना ऑटिझम निवडा. यादीत २१ प्रकार आहेत आणि घाईत लोक 'बौद्धिक' किंवा 'मानसिक आजार' निवडतात. १९९५ च्या कायद्यात ऑटिझम नव्हताच, तो २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने यादीत आला. जुन्या सवयीने कुणी "मतिमंदमध्ये टाका, सोपं जातं" असा सल्ला दिला तर ऐकू नका.

रुग्णालय निवडताना आपल्या राहत्या जिल्ह्याचं निवडता येतं. मुलावर दुसरीकडच्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू असतील किंवा पूर्वी झाले असतील तर नियमानुसार तिथेही अर्ज करता येतो. हे खिडकीवरच्या माणसाला माहीत असेलच असं नाही, शांतपणे सांगा. अर्जानंतर मिळणारी पावती छापून घ्या आणि तिचा फोटोही काढून ठेवा.

६. तपासणीचा दिवस

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग तरी वाचा.

ऑटिझमसाठी प्रामुख्याने आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत, सहा गटांत: सामाजिक देवाणघेवाण, भावनिक प्रतिसाद, बोलणं आणि संवाद, वागण्यातले ठरावीक साचे, संवेदना, आकलन. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. ७० पेक्षा कमी आले तर ऑटिझम धरत नाहीत. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. ७० गुणांना ४० टक्के दिव्यांगत्व धरतात आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासूनच सुरू होतात. म्हणजे सौम्य ऑटिझमवालाही पात्र ठरतो. "आमचा माइल्ड आहे, आम्हाला काय मिळणार" म्हणून घरी बसू नका.

हे गुण येतात कुठून? थोडे मुलाला पाहून, आणि बरेचसे तुम्हाला विचारून. इथे आपण आया माती खातो. चार पांढरे कोट समोर बसलेले असतात, आणि जन्मभराची सवय अशी की परक्यांसमोर लेकराची बाजू सावरून घ्यायची. "नजरेला नजर देतो का?" "देतो की." "मुलांमध्ये खेळतो का?" "हो, भाऊ आला की खेळतो." मी हेच केलं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "भाऊ वर्षातून दोनदा येतो."

प्रश्न असतो किती वेळा, याचा. कधीतरी, बऱ्याचदा की जवळपास नेहमी. गुण त्यावरच ठरतात. तेव्हा आदल्या आठवड्यात एका वहीत रोजचं लिहा: किती वेळा हाक मारल्यावर वळला, रात्री किती वाजता झोपला, कुकरच्या शिट्टीला काय केलं, शर्टाचं लेबल कापावं लागलं का, दुकानात किती वेळ टिकला, स्वतःला चावला का, शौचाला मदत लागली का. मंडळासमोर ती वही उघडून वाचून दाखवा. वाढवून सांगायचं नाही, खोटं तर मुळीच नाही. पण चांगल्या दिवसाचं वर्णन करून वाईट दिवसाची मदत मिळत नाही.

आणि मूल समोर असताना हे सगळं मोठ्याने बोलायचं का, हा प्रश्न मला अजून छळतो. तो बोलत नाही, पण ऐकतो. आता आम्ही दोघं जातो. एक जण आत बोलतो, दुसरा त्याला व्हरांड्यात फिरवतो आणि बोलावलं की आत आणतो. मागच्या तपासणीला "ह्याच्यासमोर नको" असं डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं.

बरोबर ठेवायचं: कानावर लावायचे हेडफोन, ओळखीचा खाऊ, पाणी, जादा कपडे, त्याची आवडती वस्तू. आदल्या दिवशी रुग्णालयाचे फोटो दाखवून कुठे बसायचं, कोण भेटणार, नंतर कुठे जायचं ते सांगा. एका दिवसात काम होईल असं धरून चालू नका. मानसोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सायकॉलॉजिस्ट सगळे त्याच दिवशी हजर असतीलच असं नाही, म्हणून कोणता वार कुणाचा ते आधीच विचारून ठेवा.

७. प्रमाणपत्र आलं की

नाव, जन्मतारीख, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी आणि मुदत तिथेच तपासा. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतात. संपायच्या सहा महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लिहा. मुदत संपली की शाळा, विमा, परीक्षा सगळंच एकदम अडतं.

कार्ड पांढरं असेल तर दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी, पिवळं ४० ते ७९, निळं ८० किंवा जास्त. २०२४ च्या सुधारित नियमांत हे रंग आले.

टक्केवारी पटली नाही तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं, ९० दिवसांच्या आत. खिडकीवर भांडून काही होत नाही, लेखी द्या आणि पोच घ्या.

८. मग याचा उपयोग कुठे

निरामय आरोग्य विमा आधी काढा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. मुख्य म्हणजे थेरपी आणि ओपीडीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. अर्ज न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करता येतो. पैसे आधी आपण भरायचे आणि मग बिलं पाठवायची, तेव्हा थेरपीच्या प्रत्येक पावतीवर तारीख, सही आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक हवा. आमची एका वर्षाची बिलं परत आली, कारण पावत्या साध्या वहीच्या कागदावर होत्या.

शाळेत प्रमाणपत्राची प्रत देऊन पोच घ्या. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिलाय. हा हक्क जवळच्या शाळेत किंवा निवडीच्या विशेष शाळेत वापरता येतो. दहावीच्या सवलती (लेखनिक, जादा वेळ वगैरे) शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडून मंजूर करून घ्याव्या लागतात. नववीतच मुख्याध्यापकांशी बोला, दहावीच्या डिसेंबरात नाही.

आयकरात, जुनी करप्रणाली निवडली असेल तर, अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५ हजारांची वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. खर्चाची बिलं जोडावी लागत नाहीत, पण ऑटिझमसाठी वेगळ्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यात तो फॉर्म १०-आयए होता. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत. सीएला '८०डीडी' म्हटलं तरी कळतं.

उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात जा. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा.

९. अठरावं वर्ष

मूल अठराचं झालं की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान, आणि आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. बँक खातं, जमीन, शस्त्रक्रियेची संमती यांत कुठेतरी हा प्रश्न उभा राहतोच. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. अर्ज नोंदणीकृत संस्थेमार्फतही करता येतो. प्रत्येक ऑटिस्टिक माणसाला पालक लागतोच असं नाही. काहींना फक्त व्यवहारात सोबत लागते, आणि सरसकट हक्क काढून घेणं बरोबर नाही. म्हणून अर्ज करण्याआधी स्वतःच्या मुलाकडे पाहा, शेजारच्याच्या नाही.

आमच्याकडे चार वर्षं आहेत. तोवर त्याला स्वतःची सही शिकवतोय. सध्या नावाचं पहिलं अक्षर येतं, आणि त्यानंतर एक लांब रेघ. बँकेत विचारून आले, दर वेळी तशीच येत असेल तर ती रेघ सही म्हणून चालेल म्हणाले.